हातब्रेकचा इतिहास : जुनी मोटारगाडी, दुरुस्तीची परंपरा आणि थांबण्याचे शास्त्र
(अहिल्यानगर जिल्हा व हिवरे बाजार यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील दळणवळणाचा इतिहास प्रामुख्याने गतीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. या सर्व नोंदींत ‘धावणे’ हे क्रियापद समान आहे. धावणाऱ्या वाहनाला थांबावेही लागते आणि थांबल्यानंतर थांबलेल्या जागीच राहावे लागते, या साध्या वस्तुस्थितीकडे मात्र इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. धावते वाहन थांबविणे आणि थांबलेले वाहन चालकाच्या अनुपस्थितीत जागेवर रोखून धरणे या दोन भिन्न समस्या आहेत. दुसऱ्या समस्येचे उत्तर म्हणजे हातब्रेक होय.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित साधनाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. तसेच जुन्या मोटारगाडीचा हातब्रेक कमकुवत का होतो, त्याचे निदान व दुरुस्ती कशी केली जाते आणि त्या दुरुस्तीमागे कोणती विचारपद्धती आहे, याचे विवेचन केले आहे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. पूर्वीच्या घटनांच्या संदर्भात येथे ‘नगर’ हे रूढ नाव वापरले आहे.

उद्दिष्टे :

१) बैलगाडीपासून मोटारगाडीपर्यंत वाहन रोखून धरण्याच्या साधनांचा विकास अभ्यासणे.
२) स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या गाड्यांचे आयुष्य दीर्घ का राहिले याची कारणे पाहणे.
३) कमकुवत हातब्रेकच्या निदानाची व दुरुस्तीची पद्धत कार्यकारणभावाच्या अंगाने मांडणे.
४) या पद्धतीचा ग्रामीण सुरक्षिततेशी व इतिहासाच्या अभ्यासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

बैलगाडी, घाट आणि लोहमार्ग :

बैलगाडीच्या काळात वाहन रोखून धरण्याचा प्रश्न आजच्या स्वरूपात नव्हता. गाडी ओढणारी शक्ती बैलांची आणि उतारावर तिला मागे रेटून धरणारी शक्तीही त्याच बैलांची असे. बैल सोडले की गाडी टेकविली जाई आणि उतार असल्यास चाकाला दगडाची उटी लावली जाई. म्हणजे वाहनाजवळ माणूस किंवा जनावर असणे हेच त्याच्या स्थिरतेचे साधन होते.

घाटरस्त्यांनी हे चित्र बदलण्यास सुरुवात केली. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. तत्पूर्वी या वाटेने मालाची वाहतूक मुख्यतः पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांकडून होत असे. चाके घाटात आली तशी चाके रोखण्याची गरजही घाटात आली.

लोहमार्गाने ही गरज अधिक तीव्र केली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या बोरघाटाच्या मार्गावर काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका चढ होता. अशा उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी आवरणे मानवी शक्तीच्या पलीकडचे होते. म्हणून मुख्य मार्गाला जोडून चढावर जाणाऱ्या आडमार्गिका ठेवण्यात आल्या. अनावर झालेली गाडी तिकडे वळवायची आणि चढानेच तिचा वेग संपवायचा, ही त्यामागील कल्पना. ब्रेक फसू शकतो हे गृहीत धरूनच या मार्गाची रचना झाली होती, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे.

यांत्रिक हातब्रेकचा उदय :

मोटारगाडीत शक्तीचा स्रोत जनावर नसून इंजिन असते. इंजिन बंद झाल्यावर गाडीला स्वतःहून उभे राहण्याची जाणीव नसते. त्यामुळे चालक उतरून गेल्यावर त्याचे काम करणारी व्यवस्था आवश्यक ठरली. या व्यवस्थेचे दोन घटक वेगवेगळ्या वाटांनी आले. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये आवरणातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. सायकलच्या ब्रेकची तार आणि पुढे मोटारीची हातब्रेक केबल ही त्याच घराण्यातील होत. लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेकची रचना विकसित केली. चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत बाहेरच्या दिशेने फाकणारे दोन शू ही ती रचना होय.

पुढे पायाचा ब्रेक द्रवदाबावर चालू लागला. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक होते. हातब्रेक मात्र तार, दांडी आणि खटका यांवरच राहिला. हे मागासलेपण नव्हे. द्रवाचा दाब गळतीमुळे हळूहळू उतरू शकतो, तर दातांच्या पट्टीत अडकलेला खटका तासन्‌तास आपली जागा सोडत नाही. शिवाय पायाच्या ब्रेकचे ऑइल संपले तरी वाहन रोखण्याचे एक स्वतंत्र साधन शिल्लक राहते. जुने तंत्र नव्या तंत्राच्या शेजारी टिकून राहते, ते अनेकदा अशा सबळ कारणानेच.

भारतीय रस्त्यांवर हातब्रेकचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसले. बहुतेक मोटारींत दांडी ओढली की केबल मागच्या दोन चाकांतील शू फाकविते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून जुळणी सुरू केलेल्या विलीज जीपमध्ये मात्र हातब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर होता. डिफरन्शियलच्या दातांमुळे या ब्रेकचा जोर चाकापर्यंत सुमारे पाच पट होऊन पोहोचतो, हा त्याचा गुण. पण मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते चाक डिफरन्शियलमुळे मोकळे फिरते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, हा त्याचा धोका. जीपचे चाक बदलण्यापूर्वी अन्य चाकांना उटी लावण्याची चालकांची सवय या यांत्रिक वस्तुस्थितीतून आली आहे.

कायद्याची दृष्टी :

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे करताना परवानाधारक व्यक्ती चालकाच्या आसनावर असली पाहिजे. अन्यथा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे किंवा वाहन चुकूनही गतिमान होणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. चालक किंवा ब्रेक, दोहोंपैकी एक हजर हवा, असा या तरतुदीचा सरळ आशय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ब्रेकसंबंधी स्वतंत्र नियम आहे. वाहनांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनबरोबरच नगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचाही समावेश आहे. थांबण्याच्या शास्त्राशी या जिल्ह्याचे नाते त्यामुळे संस्थात्मक स्वरूपाचेही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक १३ प्रमाणे पार्किंग ब्रेकने भारासह वाहन १८ टक्के उतारावर रोखून धरले पाहिजे. १८ टक्के म्हणजे १०० मीटर अंतरात १८ मीटर चढ. १,००० किलो वजनाची गाडी अशा उतारावर सुमारे १७७ किलो इतक्या जोराने खाली ओढली जाते. माणसे व सामान मिळून ४०० किलो भार वाढला तर हा जोर सुमारे २४८ किलो होतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागातील रस्त्याचा अपवादात्मक चढ सुमारे ७ टक्के असतो. तेथे १,००० किलोच्या गाडीला सुमारे ७० किलो जोर रोखावा लागतो. सपाट रस्त्यावर हा जोर जवळजवळ शून्य असतो.

या आकड्यांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नगरच्या पठारावर रोज वापरली जाणारी गाडी कमकुवत हातब्रेकसह वर्षानुवर्षे चालू शकते आणि दोष कोणाच्या ध्यानात येत नाही. तीच गाडी कल्याणच्या वाटेने माळशेज घाटात, भरलेल्या अवस्थेत, चहासाठी उभी केली जाते तेव्हा तो दोष प्रथमच प्रकट होतो. दोष जुना असतो; प्रसंग नवा असतो.

जुन्या गाड्यांचे दीर्घायुष्य :

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट परवान्यावरील गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतीलच एक सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. टॅरिफ आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही. मोजके उत्पादक, मर्यादित उत्पादन आणि नोंदणीनंतरची दीर्घ प्रतीक्षा अशा परिस्थितीत गाडी ही बदलण्याची नव्हे, तर टिकविण्याची वस्तू बनली. १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर बाजार बदलला. पण गाडी टिकविण्याची वृत्ती लगेच बदलली नाही.

या वृत्तीचा कणा होता मिस्त्री. छापील पुस्तिका इंग्रजीत, सुटे भाग दुर्मीळ आणि औपचारिक प्रशिक्षण अपुरे असताना त्याने ऐकून, पाहून व हाताने चाचपून ज्ञान मिळविले. शहरात जुनी झालेली गाडी तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यात जाई. तिच्याबरोबर दुरुस्तीची विद्याही जाई. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. गाडीची निवृत्ती वर्तमानपत्रांनी नोंदविली. ती चालती ठेवणाऱ्या हातांची नोंद तुलनेने अल्पच राहिली.

कमकुवत हातब्रेकचे निदान :

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या गाडीचा विचार येथे केला आहे. कामास आरंभ करण्यापूर्वी गाडी सपाट व पक्क्या जागेवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी लागते. चाक उचलल्यावर गाडी केवळ जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर टेकवावी लागते. ज्या ब्रेकवर संशय आहे त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचे नसते.

निदानाचा पहिला टप्पा लक्षणांचा. दांडी ओढताना किती खटके वाजतात हे मोजून गाडीच्या पुस्तिकेतील संख्येशी ताडून पाहतात. दांडी सैलपणे अगदी वरपर्यंत येत असेल तर शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते किंवा केबल सैल वा तुटलेली असते. या दोन शक्यतांत भेद करण्यासाठी पायाच्या ब्रेकची साक्ष घ्यावी लागते. पेडलही खोल जात असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर दोहोंचे समान कारण म्हणजे शूमधील वाढलेले अंतर. पेडल ठीक असून केवळ हातब्रेक सैल असेल तर संशय केबल व दांडीकडे वळतो. दांडी लवकर घट्ट होते, तरीही गाडी सरकते, अशा वेळी लायनिंग गुळगुळीत झालेले, तेलाने भिजलेले किंवा केबल गंजून आवरणातच अडकलेली असण्याचा संभव असतो. दांडी वर थांबतच नसेल तर खटका किंवा त्याची दातेरी पट्टी झिजलेली असते. एकच चाक धरत असेल तर न धरणाऱ्या बाजूची केबल, दोन्ही केबलींत जोर वाटून देणारा दुवा किंवा त्याच न धरणाऱ्या बाजूचे लायनिंग तपासावे लागते.

दुसरा टप्पा ड्रम उघडण्याचा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. अनेक गॅरेजांत आजही या धोक्याकडे दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत कारागिराच्या फुप्फुसांना मोजावी लागते. लायनिंग ओले असल्यास ओल कोठून आली हे पाहणे अगत्याचे ठरते. व्हील सिलिंडर गळत असेल तर ते ब्रेक ऑइल असते. ॲक्सलचे सील गेले असेल तर ते दाट वंगण असते. गळती बंद न करता नवे शू बसविणे म्हणजे तोच दोष पुन्हा आमंत्रित करणे होय. तेल मुरलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन पूर्ववत होत नाही; ब्रेक तापला की मुरलेले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, अन्यथा दोन बाजूंची पकड असमान होते. ड्रमच्या कडेला झिजेची पायरी किंवा आत खोल चरे पडले असतील तर तोही तपासून घ्यावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम :

दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. आधी केबल पूर्ण सैल करावी, मग शूचे अंतर साधावे आणि केबल सर्वांत शेवटी ताणावी. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट घडते. केबलचा नट हाताशी असतो, ड्रम उघडण्यास वेळ लागतो. म्हणून नट दोन फेरे आवळला जातो आणि दांडी त्या दिवसापुरती घट्ट लागते. परंतु केबल सतत ताणलेली राहिल्याने ड्रममधील तरफ आपल्या मूळ जागी परत जात नाही. ज्या गाड्यांत शूचे अंतर आपोआप साधण्याची रचना असते, तेथे ती रचना यामुळे निष्क्रिय होऊ शकते. शू झिजत जातात, अंतर वाढते, नट पुन्हा आवळला जातो. शेवटी शू ड्रमला घासत राहून चाक तापते किंवा नटाचा आटाच संपतो. लक्षणावर उपाय केल्याने मूळ दोष अधिक खोल जातो.

केबलची आतील तार गंजलेली वा तुटत आलेली असेल तर ती बदलणे हाच उपाय. जोड देऊन ती विश्वासार्ह होत नाही. दुरुस्तीनंतर दांडी ओढली असता मागची दोन्ही चाके हाताने फिरता कामा नयेत आणि सोडल्यावर ती मोकळी फिरली पाहिजेत. त्यानंतर सौम्य उतारावर, चालकाने पाय ब्रेकपाशी सज्ज ठेवून, गाडीचे तोंड एकदा वर व एकदा खाली करून चाचणी घ्यावी. दुरुस्त हातब्रेक असला तरी उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवणे व पुढची चाके कडेकडे वळविणे ही जोड हवीच. बोरघाटातील आडमार्गिकेमागचा विचार येथेही लागू पडतो.

हिवरे बाजार : क्रमाचा दाखला :

नगर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरवर असलेले हिवरे बाजार जलसंधारणासाठी देशभर परिचित आहे. सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने १९८९-९० नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे आदर्श गाव योजनेतून जे काम केले, त्याचे मर्म क्रमात होते. विहिरीला पाणी नाही म्हणून विहीर अधिक खोल खणणे हा हाताशी असलेला उपाय होता; तो केबलचा नट आवळण्यासारखाच होता. गावाने आधी डोंगरउतारावर समतल चर व वृक्षलागवड केली, ओघळीवर बंधारे घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी कूपनलिकांना मनाई केली आणि नंतर उपलब्ध पाण्याप्रमाणे पिके ठरविली. माथ्यावर उपाय झाला म्हणून पायथ्याच्या विहिरीत परिणाम दिसला.

या परिवर्तनाची एक बाजू वाहनांशीही संबंधित आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास गावाचे दैनंदिन दूध सुमारे १५० लिटर होते. ते पुढे ४,००० लिटरपर्यंत गेले. दूध हा थांबून न राहणारा माल आहे. तो दररोज गावाबाहेर पोहोचवावा लागतो. ग्रामीण समृद्धी अशा रीतीने चाकांवर अवलंबून राहते आणि खेड्यात येणारी अनेक चाके दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाची असतात. उभ्या गाडीभोवती मुले खेळतात, तिच्या मागे माणसे माल उतरवितात. जुन्या गाडीचा हातब्रेक हा म्हणूनच केवळ गाडीमालकाचा खासगी प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष :

१) वाहन रोखून धरण्याचे काम प्रथम जनावराकडे व माणसाकडे होते; हातब्रेकने ते यंत्राकडे सोपविले. माणसाने वाहनापासून दूर जाण्याचे स्वातंत्र्य या साधनामुळे मिळविले आणि त्या स्वातंत्र्याची सुरक्षितता त्याच्या देखभालीवर अवलंबून राहिली.

२) मर्यादित उत्पादनाच्या काळाने महाराष्ट्रात दुरुस्तीची समृद्ध परंपरा घडविली. ही परंपरा मुख्यतः मौखिक असल्याने ती जतन होण्याची शाश्वती नाही.

३) सपाट प्रदेशात हातब्रेकचा दोष दीर्घकाळ अदृश्य राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन निष्कासन धोरणानंतर यंत्राद्वारे तपासणी करणाऱ्या केंद्रांवर भर देण्यात आला आहे. तथापि दोन तपासण्यांमधील काळात वाहनाची जबाबदारी मालक व मिस्त्री यांचीच असते.

४) मिस्त्रीची निदानपद्धती आणि इतिहासकाराची चिकित्सा यांत मूलभूत साम्य आहे. लक्षण म्हणजे कारण नव्हे, एका पुराव्याची दुसऱ्या पुराव्याशी पडताळणी हवी आणि सर्वांत सुलभ स्पष्टीकरण प्रथम बाजूला ठेवून पाहावे, ही तत्त्वे दोघांनाही बंधनकारक आहेत.

समारोप :

नव्या गाड्यांत दांडीची जागा बटणाने घेण्यास सुरुवात केली आहे. बटण दाबल्यावर विद्युत मोटार ब्रेक ओढते आणि खटक्यांचा आवाज ऐकून दोष ओळखण्याची गरज तेथे उरत नाही. कालमानाप्रमाणे हे बदल होणारच. परंतु ज्या पिढीने केवळ कान आणि बोटे यांच्या साहाय्याने निकृष्ट रस्त्यांवर जुन्या गाड्या सुरक्षित ठेवल्या, ती पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यातील मिस्त्रींच्या मुलाखती, गॅरेजच्या नोंदवह्या आणि हत्यारांची नावे संकलित करण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे. हे संकलन वेळेत झाले, तर स्थानिक इतिहासात आजवर न आलेला एक श्रमिक वर्ग आपल्या ज्ञानासह प्रविष्ट होईल.